घरच्या ढाबळीतलं मांस: खाण्यासाठी कबुतरं पाळण्याची पद्धत

कोंबडीचं पिल्लू अंड्यातून निघालं की दुसऱ्या दिवशी स्वतः दाणा टिपायला लागतं. कबुतराचं पिल्लू डोळे मिटलेलं, जवळजवळ उघडं आणि पूर्ण परावलंबी जन्मतं. जवळपास चार आठवडे ते आईबापाच्या चोचीतूनच खातं. मांसासाठी कबुतरं पाळणाऱ्याने हा फरक आधी समजून घ्यावा, कारण पुढचं प्रत्येक काम त्यातूनच ठरतं. पिल्लू वाढवणं तुमच्या हातात नाही. ते काम जोडी करते, आणि तुम्ही जोडी सांभाळता. अमेरिकेत साउथ कॅरोलायनातल्या सम्टर गावी १९२३ पासून 'पाल्मेटो पिजन प्लांट' हा कबुतरांचा मोठा व्यवसाय आहे. तिथेसुद्धा पिल्लं नर-मादीच भरवतात. ब्रॉयलरसारखी यंत्रात अंडी, शेडमध्ये पिल्लं ही सोय कबुतरात नाही.

आपल्याकडे कबुतर म्हटलं की गच्चीवरची ढाबळ, उडवण्याची शर्यत आणि शिट्ट्या आठवतात. आमच्या घरीही तेच होतं. खाण्यासाठी पाळायला लागलो तेव्हा उडवण्याच्या हौसेतून शिकलेलं निम्मं ज्ञान कामी आलं आणि निम्मं विसरावं लागलं. उडवायचं कबुतर हलकं आणि काटक लागतं. खायचं कबुतर जड, शांत आणि अंड्यावर चिवटपणे बसणारं लागतं.

आधी हिशोब

चांगली जोडी वर्षाला १२ ते १४ पिल्लं देते. नवशिक्याने ८ ते १० धरावीत. म्हणजे आठ जोड्यांतून वर्षाला ६४ ते ८० पिल्लं, आठवड्याला एक किंवा दोन. चौघांच्या घरात महिन्यातून दोन-तीनदा कबुतराचं जेवण होईल एवढं हे मांस आहे.

आता खर्चाची बाजू. मोठ्या जातीची एक जोडी आणि तिची पिल्लं मिळून वर्षाला साधारण ४५ किलो धान्य खातात. दहा पिल्लं मिळाली तर एका पिल्लामागे साडेचार किलो धान्य गेलं. त्यातून साफ केलेलं मांस मिळतं ३०० ते ३५० ग्रॅम. ब्रॉयलर कोंबडी एक किलो वजनासाठी दोन किलोपेक्षाही कमी खाद्य घेते. स्वस्त मांस हवं असेल तर कोंबडीच पाळा. कबुतर पाळायचं ते त्याच्या चवीसाठी, कमी जागेसाठी, आणि शेतात मळणीनंतर उरणाऱ्या बारक्या-मोडक्या धान्याचा उपयोग व्हावा म्हणून. ज्याच्या घरी ज्वारी-मका पिकतो त्याला हे परवडतं.

हा लेख घरच्या स्वयंपाकघरापुरता आहे. मांस विकायचं असेल तर अन्न सुरक्षा कायद्याखाली नोंदणी लागते आणि कापण्याच्या जागेचे नियम लागू होतात. शहरात किंवा सोसायटीत राहत असाल तर आधी शेजाऱ्यांशी आणि नगरपालिकेशी बोला. २०२५ साली मुंबईत कबुतरखान्यांवरून किती वाद पेटला ते सगळ्यांनी पाहिलं आहे. लोकांच्या मनात कबुतराच्या विष्ठेची भीती आहे, आणि ती निराधार नाही. त्याबद्दल पुढे सांगतोच.

कोणती कबुतरं घ्यावीत

पुलाखालचे किंवा देवळाच्या शिखरावरचे पारवे पकडून आणू नका. ते रोग घेऊन येतात, बंद जागेत नीट वीण देत नाहीत आणि अंगावर मांसही नसतं. रानातल्या हरियलाला तर हातच लावायचा नाही. तो आपला राज्यपक्षी आहे आणि त्याला कायद्याचं संरक्षण आहे.

मांसासाठी जगभर पाळली जाणारी मुख्य जात म्हणजे अमेरिकेत तयार झालेली व्हाइट किंग. प्रौढ पक्षी ७०० ते ८५० ग्रॅमचा, छाती रुंद, शेपूट वर उचललेली. फ्रान्स-बेल्जियमकडची तांबूस कार्नो, फ्रान्सचीच जाडजूड मोंडेन आणि रंगावरून नर-मादी ओळखू येणारी टेक्सन पायोनियर याही चांगल्या जाती आहेत. जायंट रंट किलोच्या पुढे जातो, पण अंडी फोडतो आणि वर्षाला पिल्लं कमी देतो. आकाराला भुलून तो घेऊ नका.

आपल्याकडे किंग मिळते ती हौशी पाळणाऱ्यांकडे, आणि किंमत चांगलीच असते. त्यातली बरीच कबुतरं प्रदर्शनासाठी जोपासलेली असतात. दिसायला देखणी, पिल्लं भरवण्यात कच्ची. म्हणून माझा सल्ला असा: किंगचे दोन-तीन नर आणा आणि अंगाने थोराड, पिल्लं चांगली वाढवणाऱ्या देशी माद्यांशी त्यांचा जोड लावा. देशी पिल्लू महिन्याचं झालं की २५० ग्रॅमच्या आसपास भरतं, शुद्ध किंगचं ५०० च्या आसपास. संकराचं मधे कुठेतरी येतं, पण मरतूक कमी आणि माया जास्त. लक्का, लोटण वगैरे शोभेच्या जाती या कामाच्या नाहीत.

विकत घेताना दोन ते सहा महिन्यांची तरुण कबुतरं घ्या. वय झालेली जोडी 'चालू आहे' म्हणून गळ्यात मारली जाते. पक्षी हातात धरून चोच उघडा. घसा गुलाबी आणि स्वच्छ हवा, पिवळा थर नको. छातीचं हाड सरळ आणि मांसाने भरलेलं असावं. शेपटीखालची पिसं कोरडी असावीत. आणलेले पक्षी जुन्या पक्ष्यांत लगेच सोडू नका. तीन आठवडे वेगळे ठेवा.

ढाबळ

आठ जोड्यांना आठ फूट लांब, सहा फूट रुंद खोली आणि तिला जोडून ऊन खायला चार फुटांचा जाळीचा पिंजरा पुरतो. उंची माणूस ताठ उभा राहील एवढी. वाकून साफ करावी लागणारी ढाबळ नीट साफ होत नाही.

पावसाळी वारा आपल्याकडे पश्चिमेकडून आणि नैर्ऋत्येकडून येतो. त्या बाजू बंद ठेवा, उघडी जाळीची बाजू पूर्वेला. सकाळचं ऊन आत आलं पाहिजे. पत्र्याचं छप्पर असेल तर वर ज्वारीचा कडबा किंवा नारळाच्या झापा टाका, नाहीतर एप्रिल-मेमध्ये घरट्यातली पिल्लं उकडून मरतात. जाळी अर्ध्या इंचाची घ्या. मोठ्या जाळीतून उंदीर आणि साप आत येतात. उंदीर, मुंगूस जमीन पोखरून येतात म्हणून जाळी जमिनीत एक फूट गाडून बाहेरच्या बाजूला वळवा. मांजराला एकदा ढाबळीची वाट सापडली की ते रोज येतं.

घरटी हा ढाबळीचा खरा भाग. प्रत्येक जोडीला अडीच फूट रुंद आणि सव्वा फूट उंच-खोल असा खण द्या, आणि त्यात दोन घरट्यांची जागा ठेवा. पहिली पिल्लं दोन-अडीच आठवड्यांची असतानाच मादी पुढची अंडी घालते. दुसरं घरटं नसेल तर ती पिल्लांतच अंडी घालते आणि ती फुटतात. घरट्यासाठी कुंभाराकडची मातीची परळं उत्तम. नऊ-दहा इंच व्यासाची, दोन-तीन इंच खोल. माती ओल शोषते आणि उन्हात वाळवून परत वापरता येते. प्लास्टिकच्या गुळगुळीत भांड्यात पिल्लांचे पाय फाकतात आणि ती कायमची लंगडी होतात. परळात थोडी वाळू टाका, वर कडुनिंबाच्या बारीक काड्या. बाकीच्या काड्या जमिनीवर ठेवल्या की नर स्वतः एकेक उचलून मादीला नेऊन देतो. ते तासभर बसून पाहावं असं काम आहे.

किंग जड असते, तिला उंच उडणं जमत नाही. तिचे खण जमिनीपासून एक-दोन फुटांवरच ठेवा.

जोड लावणं

कबुतरांत नर-मादी दिसण्यावरून ओळखणं अवघड आहे. नर थोडा थोराड, मान जाड. तो गळा फुगवून घुमतो आणि गोल गोल फिरतो. मादीही कधीकधी घुमते, पण पूर्ण गिरकी घेत नाही. एका घरट्यात चार अंडी दिसली तर समजा दोन माद्यांनी जोड बांधला आहे. आठवडे उलटून एकही अंडं नाही तर बहुधा दोन नर.

सहा-सात महिन्यांची कबुतरं जोडीला तयार होतात. लहान पिंजऱ्याच्या मधे जाळी घालून एका बाजूला नर, दुसऱ्या बाजूला मादी ठेवा. तीन-चार दिवसांत ती एकमेकांच्या जाळीला चिकटून बसू लागतील, मान हलवू लागतील. मग जाळी काढा. मारामारी झाली तर परत घाला. नर मादीच्या चोचीत चोच घालून भरवू लागला की जोडी जमली. आता त्यांना त्यांच्या खणात दोन-तीन दिवस कोंडा, म्हणजे घर ओळखतील, आणि मग ढाबळीत सोडा.

इथे एक नियम पाळाच: ढाबळीत एकही एकटा नर ठेवू नका. तो प्रत्येक खणात घुसतो, भांडणं लावतो आणि अंडी फुटतात. आमच्या ढाबळीत एका हंगामात सारखी अंडी फुटत होती. मी उंदरांना दोष देत राहिलो आणि सापळे लावत बसलो. कारण होता मादी मेल्यानंतर मागे राहिलेला एक नर. त्याला बाहेर काढला आणि फूट थांबली.

दाणापाणी

कबुतर अख्खं धान्य खातं. कोंबडीचं पीठ-खाद्य त्याला मानवत नाही. दहा किलोचं मिश्रण असं करा: मका साडेतीन किलो, ज्वारी दोन, गहू दीड, वाटाणा किंवा हरभरा दोन आणि मूग किंवा मटकी एक किलो. यात प्रथिनं साधारण १४ टक्के येतात. घरट्यांत पिल्लं असतील तेव्हा मका आणि ज्वारी अर्धा-अर्धा किलो कमी करून कडधान्य चार किलोपर्यंत न्या. देशी माद्यांना मोठा मका गिळायला जड जातो, त्यांना भरडून द्या. थंडीत मूठभर बाजरी वाढवली तर चालते. कच्चं सोयाबीन देऊ नका.

पिल्लं नसलेल्या जोड्यांना सकाळ-संध्याकाळ वीस मिनिटांत संपेल एवढंच द्या. चरबी चढलेली मादी अंडी घालत नाही. पिल्लं असतील तेव्हा मात्र दाणा दिवसभर समोर हवा, कारण आईबाप दिवसातून अनेकदा भरवतात. एका वेळी दाणा नाही मिळाला तर पिल्लाच्या वाढीतली ती तूट भरून निघत नाही.

पावसाळ्यात मक्यावर सगळ्यात जास्त लक्ष ठेवा. काळपट, कुबट वास येणारा मका फेकून द्या, वाळवून वापरू नका. बुरशीचं विष वाळवल्याने जात नाही. ते आधी पिल्लांना मारतं, आणि आपण उगाच रोग शोधत बसतो.

पाण्याची एक खासियत आहे. कबुतर कोंबडीसारखं घोट घेऊन मान वर करत नाही. ते चोच बुडवून पाणी ओढून पितं. म्हणून भांड्यात किमान एक इंच खोल पाणी हवं आणि विष्ठा पडू नये म्हणून वर झाकण हवं. पाणी रोज बदला, भांडं रोज घासा. आठवड्यातून दोनदा सकाळी रुंद पाटीत आंघोळीचं पाणी ठेवा आणि तासाभराने काढून टाका, नाहीतर तेच पितात.

कबुतराला दात नाहीत, दाणा दळतो तो पोटातल्या खड्यांनी. त्यासाठी वेगळ्या भांड्यात कायम हे मिश्रण ठेवा: शिंपल्यांचा चुरा, विटेचा किंवा खडीचा बारीक चुरा, थोडा लाकडी कोळसा आणि किलोमागे ३०-४० ग्रॅम मीठ. कॅल्शियम कमी पडलं तर अंड्याचं कवच मऊ येतं, मादी अंडं अडकून दगावते.

अंड्यापासून अठ्ठाविसाव्या दिवसापर्यंत

जोड लागल्यावर आठ-दहा दिवसांत पहिलं अंडं येतं, बहुतेक वेळा संध्याकाळी. दुसरं साधारण ४४ तासांनी, म्हणजे एक दिवस सोडून दुपारी. दुसऱ्या अंड्यापासून १७ ते १८ दिवस मोजा. सकाळी उशिरापासून दुपारपर्यंत नर बसतो, बाकी वेळ आणि रात्रभर मादी. सहाव्या-सातव्या दिवशी अंधारात अंड्यामागे टॉर्च धरा. आत तांबड्या शिरांचं जाळं दिसलं तर अंडं जिवंत आहे. नितळ पिवळं दिसलं तर वांझ. दोन्ही वांझ असतील तर काढून टाका, म्हणजे जोडी लवकर पुन्हा अंड्यावर येईल.

पिल्लं निघण्याच्या सुमारास आईबापाच्या गळ्याखालच्या पिशवीत दह्यासारखा पांढरट गोळा तयार होतो. यालाच कबुतराचं दूध म्हणतात. ते मादीप्रमाणे नरालाही येतं. प्रथिनं आणि स्निग्धांशांनी भरलेला हा आहार पिल्लांना पहिले चार-पाच दिवस निव्वळ मिळतो, मग त्यात हळूहळू दाणे मिसळत जातात. माणसाला घरी याची बरोबरी करता येत नाही. आईबाप मेले तर पिल्लू हाताने वाढवण्यापेक्षा त्याच वयाची पिल्लं असलेल्या दुसऱ्या घरट्यात ठेवा. पहिल्या आठवड्यात कबुतरं परकं पिल्लू सहज स्वीकारतात.

याच गोष्टीचा आणखी एक फायदा घ्या. दोन पिल्लांपैकी एक आधी निघतं आणि मोठं होतं. मागे पडलेल्याला भरवणं कमी मिळतं आणि ते मरतं. दोन घरट्यांत अशी तफावत असेल तर मोठी दोन एकत्र आणि छोटी दोन एकत्र करा. एवढ्या अदलाबदलीने वर्षाला बरीच पिल्लं वाचतात.

चौथ्या-पाचव्या दिवशी डोळे उघडतात. सात-आठ दिवसांचं झालं की पायात क्रमांकाची कडी घाला, नंतर पाऊल मोठं होऊन ती जात नाही. संध्याकाळी गळ्याखालची पिशवी हाताने चाचपून पाहण्याची सवय लावा. फुगलेली असेल तर जोडी काम करते आहे. दोन दिवस लागोपाठ रिकामी असेल तर काहीतरी बिघडलं आहे.

रोग, आणि आपली फुप्फुसं

घशातला पिवळा, चिजासारखा थर हा कॅन्कर. तो आईबापाच्या दुधातून आणि पाण्यातून पिल्लांत जातो. मान वळणं, तोल जाणं, पाण्यासारखी विष्ठा ही कोंबडीच्या राणीखेतीच्या भावंडाची, कबुतरातल्या पॅरामिक्सोची लक्षणं. चोचीवर आणि पायांवर खपल्यांच्या गाठी म्हणजे देवी. ती डास पसरवतात, म्हणून पावसाळ्यात डासांची जाळी लावा. लशीबद्दल आणि जंतांच्या औषधाबद्दल तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा.

औषध दिलेला पक्षी खाण्यात येता कामा नये, हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा. कॅन्करवर शोभेच्या कबुतरांना सर्रास दिलं जाणारं मेट्रोनिडाझोल आणि त्या गटातली औषधं अमेरिकेत आणि युरोपात खाण्याच्या पशुपक्ष्यांना द्यायला बंदी आहे. औषध दिलेल्या पक्ष्याच्या कडीचा क्रमांक लिहून ठेवा आणि तो ताटात आणू नका.

वाळलेल्या विष्ठेची आणि पिसांची धूळ वर्षानुवर्षं श्वासात गेली तर काहींच्या फुप्फुसांना कायमची इजा होते. सततचा कोरडा खोकला, जिना चढताना लागणारी धाप याकडे दुर्लक्ष करू नका. ढाबळ साफ करताना आधी पाणी शिंपडा, मग खरवडा. झाडू मारून धूळ उडवू नका. एन-९५ मास्क लावा, कपडे वेगळे ठेवा. घरात दमेकरी असेल तर ढाबळ घराला लागून नको.

कापणं

योग्य दिवस २६ ते ३० च्या मधला. पंख उचलून खाली पाहा. तिथली पिसं पूर्ण भरलेली आणि डोक्यावर चार-दोन पिवळे केस उरलेले असले की पिल्लू तयार आहे. घरट्यातून उडालं की आठवडाभरात वजन उतरतं आणि मांस घट्ट होतं. पहाटे, आईबापांनी भरवायच्या आधी उचला, म्हणजे पिशवी रिकामी असते.

पत्र्याचं नरसाळं भिंतीला ठोकून त्यात पिल्लू उलटं ठेवलं की ते शांत राहतं, फडफडत नाही, मांसात रक्त साकळत नाही. सुरी अतिशय धारदार हवी आणि मान एका घावात कापली गेली पाहिजे. हे काम जमेल की नाही अशी शंका असेल तर आधी ज्याला येतं त्याच्याकडे पाहून शिका. मुक्या जिवाला आपल्या नवखेपणाची शिक्षा होऊ नये.

अंग गरम असतानाच पिसं उपटा, कोरडीच सहज निघतात. नाहीतर साठ अंशांच्या आसपासच्या पाण्यात अर्धा मिनिट बुडवा. उकळतं पाणी नको, कोवळी कातडी फाटते. आतडं काढताना कोंबडीसारखी पित्ताची पिशवी फुटायची भीती नाही, कबुतराला पित्ताशय नसतं. काळीज आणि पेटा ठेवा. बर्फाच्या पाण्यात अर्धा तास आणि मग फ्रीजमध्ये रात्रभर ठेवून दुसऱ्या दिवशी शिजवा. ताजं लगेच शिजवलं तर मांस ताठर लागतं.

कोवळ्या पिल्लाला फार मसाला नको. आलं-लसूण, हळद, मीठ, थोडा काळा मसाला लावून तव्यावर झाकण ठेवून वीस-पंचवीस मिनिटं, आतलं मांस पूर्ण शिजेपर्यंत. आसामात कबुतर केळफुलाबरोबर शिजवतात. आपल्याकडेही केळफूल आहेच, तो प्रकार एकदा जरूर करून पाहा. वय झालेली कबुतरं कुकरमध्ये चार-पाच शिट्ट्या देऊन वाटणाच्या रश्श्यात टाका.

लकव्यावर कबुतराचं रक्त किंवा मांस देतात, तसं मागायला कोणी दारात येईल. त्याचा काही उपयोग नाही. लक्षणं दिसताच रुग्णाला दवाखान्यात पोचवणं हाच उपाय, कारण गुठळी विरघळवणारं औषध साधारण पहिल्या साडेचार तासांतच देता येतं. मी अशा माणसाला कबुतर देत नाही, गाडी काढून देतो.

वही

प्रत्येक खणाला क्रमांक द्या आणि वहीत त्याचं एक पान ठेवा: अंडी कधी आली, किती निघाली, अठ्ठाविसाव्या दिवशी वजन किती, काय मेलं. पावसाळ्याच्या शेवटी पिसं झडतात तेव्हा सगळ्याच जोड्या मंदावतात, त्यावरून निकाल लावू नका. पण वर्षभरात सहापेक्षा कमी पिल्लं देणारी किंवा सारखी पिल्लं उपाशी ठेवणारी जोडी काढा. पाच-सहा वर्षांची झालेली जोडीही बदलायला घ्या.

मोह असा होतो की सगळ्यात जाड पिल्लं खावीत आणि मागे राहिलेली ठेवावीत. याच्या नेमकं उलट करा. ज्या जोडीने वर्षभर दोन्ही पिल्लं सारख्या वजनाची वाढवली, तिची फेब्रुवारी-मार्चमधली पिल्लं पुढच्या पिढीसाठी राखा. कडीचा क्रमांक पाहा आणि भावाबहिणीचा जोड लागू देऊ नका. एका घरट्यात वाढलेली दोन पिल्लं स्वतःहून जोडी बांधतात. म्हणून चार महिन्यांची होताच त्यातलं एक दुसऱ्या पाळणाऱ्याशी बदलून घ्या.